बाळीवेशीतील अक्कांची खानावळ : पोटाला सवड देणारे ताट

सोलापुरात बाळीवेशीतून आत वळल्यावर एका जुन्या दगडी वाड्याच्या तळमजल्यावर एक खानावळ आहे. दारावर ‘घरगुती जेवण’ एवढीच पाटी आहे आणि नेहमीचे गिऱ्हाईक तिला ‘अक्कांची खानावळ’ म्हणून ओळखते. आत सहा टेबले, मागे उघडे स्वयंपाकघर, दोन मोठे तवे आणि भाकऱ्या थापायला स्वतः अक्का व त्यांची सून. गेल्या आठ महिन्यांत मी येथे वीसेक वेळा जेवले, बहुतेक वेळा यजमानांबरोबर. मी ३१ वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, त्यात पचनसंस्थेची संप्रेरके हा माझ्या विशेष आवडीचा विषय होता, आणि दोन वर्षांपूर्वी माझे पित्ताशय काढावे लागले. त्यामुळे कोठेही जेवायला बसले की पदार्थाच्या चवीइतकेच तो पोटात गेल्यावर काय घडते याकडेही माझे लक्ष असते. या खानावळीच्या चवीविषयी सांगणारे गावात पुष्कळ आहेत. मी मुख्यतः वाढण्याच्या गतीविषयी लिहिते, कारण येथील ताट पोटातल्या यंत्रणेला तिचे काम करायला सवड देते आणि ही गोष्ट मला बाहेरच्या जेवणात अन्यत्र क्वचितच आढळली आहे.

एका बुधवारी मी मुद्दाम घड्याळ पाहून नोंद ठेवली. आम्ही १२ वाजून ४० मिनिटांनी बसलो. पाच मिनिटांनी ताट आले, पण त्यात भाकरी नव्हती. शेंगाचटणी, चिरलेला कांदा, मुळा, मेथीची कच्ची पाने, मटकीची उसळ आणि एण्णेगायी, म्हणजे भरली वांगी, एवढेच होते. पहिली भाकरी १२.५० ला आली, तव्यावरून थेट ताटात, फुगलेला पापुद्रा अजून खाली बसायचा होता. दुसरी १२.५७ ला. तिसरीसाठी अक्कांनी आतूनच विचारले तेव्हा एक वाजून सहा मिनिटे झाली होती. भाकरी आधी करून चवडीला लावून ठेवायची नाही, हा येथील नियम आहे. ज्वारीचे पीठ आधणाच्या पाण्याने थोडे थोडे मळायचे, कारण मळून पडले की थापताना कडा चिरतात, मग गोळा काठवटीत थापायचा, तव्यावर पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग निखाऱ्यावर फुगवायची. या साऱ्याला जो वेळ लागतो तो लागतोच. घाईतल्या माणसाला तो खोळंबा वाटेल. मला तो या खानावळीचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

तो गुण का, हे सांगायचे तर भुकेपासून सुरुवात करावी लागते. जठराच्या वरच्या भागातील काही पेशी घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. जपानमधील मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी ते १९९९ साली शोधले. २८ अमिनो आम्लांच्या या साखळीला मेदाम्लाची एक लहानशी शेपटी जोडलेली असते आणि ती शेपटी नसेल तर मेंदूतील ग्राहींना हा निरोप वाचताच येत नाही. घ्रेलिनचे प्रमाण जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी वाढते आणि जेवल्यावर उतरते. रोज एकला जेवणाऱ्याला साडेबारालाच भूक लागते ती या सवयीमुळे. अशा वेळी समोर भाकऱ्यांची चवड असेल तर पहिल्या दहा मिनिटांत माणूस किती खाईल याला धरबंध राहत नाही, कारण ‘बास’ सांगणारे निरोप अजून निघालेलेच नसतात. ते पुरेसे पोहोचायला साधारण १५ ते २० मिनिटे जातात. माझी नोंद पाहिली तर पहिल्या घासापासून तिसऱ्या भाकरीच्या प्रश्नापर्यंत २० मिनिटे होतात. अक्कांनी हे कोणत्या पुस्तकात वाचलेले नाही. त्यांच्या तव्याचा वेग पोटाच्या वेगाशी जुळतो, इतकेच.

दरम्यान पोट रिकामे बसलेले नसते. खरपूस भाकरीचा वास आला, तोंडाला पाणी सुटले, की मेंदूकडून निघणाऱ्या व्हेगस चेतेमार्फत, म्हणजे मज्जातंतूमार्फत, जठराला वर्दी जाते आणि जठराच्या खालच्या भागातील ‘जी’ (G) नावाच्या पेशी गॅस्ट्रिन हे संप्रेरक सोडू लागतात. गॅस्ट्रिन रक्तात मिसळून सगळीकडे फिरते आणि फिरून पुन्हा जठरालाच येऊन सांगते की आम्ल तयार करा. मटकीसारख्या प्रथिनांचे तुकडे जठरात पोहोचले की ते आणखी वाढते, आणि आम्लता पुरेशी झाली की शेजारच्या डी पेशींतून सोमॅटोस्टॅटिन येऊन त्याला आवर घालते. उघडे स्वयंपाकघर, भाजण्याचा वास आणि ताटात आधीच येऊन बसलेली मटकी, यांमुळे भाकरी येईपर्यंत जठराची तयारी झालेली असते. जॉन एडकिन्स यांनी १९०५ साली गॅस्ट्रिनची कल्पना मांडली तेव्हा ती फारशी कोणाला पटली नव्हती. ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे करून दाखवले, तोवर जवळजवळ साठ वर्षे गेली होती. वर्गात हे सांगताना मला एडकिन्स यांच्याविषयी नेहमी हळहळ वाटत असे.

आता शेंगाचटणी. सोलापुरात तिच्याविषयी लिहायचे म्हणजे शब्द तोलून लिहावे लागतात, कारण प्रत्येक घराला आपलीच चटणी खरी वाटते. अक्कांची चटणी लोखंडी खलात कांडलेली असते. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ कुटता कुटता दाण्यांचे स्वतःचेच तेल सुटते आणि चटणी मिक्सरमधल्यासारखी भुरभुरीत न होता तिचा ओलसर, चपटा गोळा बनतो. तो बोटांनी मोडला की बोटांवर लालसर तकाकी राहते. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश आणि साधारण पाव भाग प्रथिने असतात. नेमक्या या दोन गोष्टी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, पोहोचल्या की तेथील आय पेशी कोलेसिस्टोकायनिन सोडतात. नाव लांबलचक आहे, पण ग्रीक भाषेतून त्याची फोड केली की सोपे होते : पित्ताची पिशवी हलवणारे. आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी १९२८ साली ते दाखवून दिले. त्याच्या निरोपाने पित्ताशय आकुंचन पावते, पित्ताच्या वाटेवरची झडप सैल होते, स्वादुपिंड आपली वितंचके, म्हणजे अन्न पचवणारी एन्झाइमे, सोडते, जठराचे पुढचे दार अन्न सावकाश सोडू लागते, आणि व्हेगस चेतेमार्फत मेंदूला कळवले जाते की जेवण पोहोचते आहे. १९७३ साली उंदरांना हे संप्रेरक टोचले तेव्हा ते नेहमीपेक्षा कमी खाऊन थांबले. म्हणजे सुरुवातीला भाजीबरोबर तोंडात गेलेली चिमूटभर चटणी ही ‘बास’ म्हणणाऱ्या पहिल्या निरोपाची उचल असते.

हे संप्रेरक मला पुस्तकातून ३१ वर्षे माहीत होते. त्याची खरी ओळख झाली ती हमरस्त्यावरच्या एका मोठ्या भोजनगृहात, त्याचे नाव येथे देत नाही. तेथे ‘अनलिमिटेड थाळी’ होती. पहिली पुरी संपायच्या आत तीन पुऱ्या, त्यांवर तुपाची धार, दोन तळलेले पदार्थ, रबडी आणि ‘अजून घ्या’ म्हणत उभा असलेला वाढपी. सव्वा तासाची रांग लावून आत गेलो होतो आणि जेवण ११ मिनिटांत उरकले, कारण मागे उभी असलेली माणसे आमच्या खुर्च्यांकडे पाहत होती. त्या रात्री उजव्या बरगडीखाली कळ उठली, ती पाठीत फऱ्यापर्यंत गेली आणि पहाटेपर्यंत हटली नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. खडे त्या जेवणाने झाले नव्हते, ते आधीपासूनच होते. मात्र एकदम उतरलेल्या एवढ्या स्निग्धांशाने कोलेसिस्टोकायनिनचा लोंढा निघाला, पिशवी जोराने आवळली गेली आणि तोंडाशी खडा अडकला. ज्या क्रियेची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढत होते ती मी त्या रात्री अंगावर सोसली.

पित्ताशय काढल्यावर पित्त साठवायला जागा राहत नाही. यकृतातून ते थेंबाथेंबाने सतत आतड्यात उतरत राहते. त्यामुळे स्निग्ध पदार्थ थोडा थोडा येत गेला तर निभते, एकदम आला तर अनेकांना पोटफुगी आणि ढाळ यांचा त्रास होतो. माझ्यासारखीला अक्कांच्या खानावळीत निर्धास्त जेवता येते याचे कारण तेल कमी असते असे समजू नये. चटणीत तेल आहे, एण्णेगायी तर नावाप्रमाणेच तेलातली आहे. पण ते तेल चिमटीने येते आणि भाकरीच्या गतीने येते.

हे सगळे निरोप रक्तातून जातात, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कोणाला ठाऊक नव्हती. पचनावर सारा अंमल चेतांचा असतो, असे रशियातील इव्हान पॅवलॉव्ह यांच्या थोर संशोधनामुळे मानले जात होते, आणि १९०४ साली त्यांना त्या कामाबद्दल नोबेल पारितोषिकही मिळाले. १६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्या-मेहुण्यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक वेढा सगळ्या चेता तोडून मोकळा केला. त्याचा शरीराशी संबंध उरला तो फक्त रक्तवाहिन्यांपुरता. त्या वेढ्यात सौम्य आम्ल सोडले, तरीही स्वादुपिंडातून रस पाझरू लागला. तेच आम्ल सरळ रक्तात टोचले तर काही होत नव्हते. तेव्हा स्टार्लिंग यांनी आतड्याचे आतले अस्तर खरवडले, वाळू आणि आम्ल घालून घोटले, गाळले आणि तो अर्क मानेच्या शिरेत टोचला. थोड्याच वेळात स्वादुपिंड पाझरू लागले. त्या अज्ञात पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन नाव दिले, आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी आपल्या व्याख्यानांत अशा साऱ्या पदार्थांसाठी, म्हणजे संप्रेरकांसाठी, हार्मोन हा शब्द वापरला. आज थायरॉइड आणि इन्सुलिन ही नावे घरोघरी ऐकू येतात, पण हार्मोन या शब्दाचा जन्म आतड्याच्या खरवडलेल्या अस्तरातून झाला आहे. हा धडा शिकवताना तास कधी संपला हे मला कळत नसे.

सिक्रेटिनचे काम आजही तेच आहे. जठरातून आंबट लगदा आद्यांत्रात आला की ते स्वादुपिंडाला बायकार्बोनेटयुक्त पाणी सोडायला लावते, आम्ल मारले जाते आणि मगच वितंचकांना काम करता येते. सोलापुरात आधीच तिखटाचा हात मोकळा, त्यावर ताक, कच्चा कांदा आणि कधी लिंबू, म्हणजे या विभागाला विश्रांती कमीच. घास हळूहळू खाली गेला तर त्याला प्रत्येक खेपेचे आम्ल निस्तरता येते.

यजमानांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे भाताचा प्रश्न आमच्या घरात रोजचा आहे. या खानावळीत भात शेवटी येतो, वाटीभर, आमटीबरोबर, आणि मागितला तरच. ही पद्धत जुनीच आहे, पण तिला आधार आहे. आतड्यात गेलेली कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ जीआयपी आणि जीएलपी-१ ही दोन संप्रेरके जागी करतात. साखर येते आहे, अशी आगाऊ वर्दी ती स्वादुपिंडाला देतात. म्हणूनच तेवढेच ग्लुकोज शिरेतून दिले तर जितके इन्सुलिन निघते त्यापेक्षा ते तोंडावाटे घेतल्यावर बरेच जास्त निघते. १९६४ सालीच हे मोजून दाखवले गेले होते. जीएलपी-१ याशिवाय जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूत तृप्तीची भावना वाढवते. भाजी, उसळ, चटणी आधी आणि भात शेवटी असे जेवले तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे आणि आमच्या घरच्या ग्लुकोमीटरवरही आम्ही पाहिले आहे. ज्वारीने साखर वाढतच नाही असे सांगणारे पुष्कळ भेटतात, ते मात्र खरे नाही. ज्वारीतही पिष्ट भरपूर असते. तिचा फायदा असा की ती कोंड्यासकट दळली जाते, शंभर ग्रॅममागे साधारण दहा ग्रॅम तंतू देते आणि तिचे पिष्ट भातापेक्षा सावकाश पचते. तंतूंचा काही भाग मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात, त्यातून निघणारी लहान मेदाम्ले तेथील एल पेशींना चाळवतात, आणि त्या पेशी जीएलपी-१ बरोबरच पीवायवाय हे भूक शमवणारे संप्रेरकही सोडतात. दुपारी येथे दोन भाकऱ्यांवर जेवले की संध्याकाळी सहापर्यंत मला काही खावेसे वाटत नाही. बाहेरच्या पोळी-भाताच्या ताटानंतर चारलाच डबे उघडले जातात.

जीएलपी-१ रक्तात फार टिकत नाही. डीपीपी-४ नावाचे वितंचक त्यातील निम्मे दोन मिनिटांत निकामी करते. यजमान ज्या सिटाग्लिप्टिनच्या गोळ्या घेतात त्या या वितंचकाला अडवतात. अमेरिकेतील वाळवंटी भागात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत या संप्रेरकाशी साम्य असलेला पण सहज न तुटणारा पदार्थ सापडला, त्यावरून केलेले औषध २००५ साली तेथे मान्य झाले आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आली. त्यांपैकी टिर्झेपटाइड तर जीआयपी आणि जीएलपी-१ अशा दोघांच्याही ग्राहींवर काम करते. हे येथे सांगण्याचे कारण असे की माझी एक मैत्रीण डॉक्टरांच्या सल्ल्याने असे इंजेक्शन घेते, आणि तिला घेऊन मी येथे गेले तेव्हा खानावळीची पहिली उणीव मला दिसली. तिला अर्ध्या भाकरीपुढे घास जाईना, जठर भरलेलेच राहत होते, आणि येथे अर्धे ताट मिळत नव्हते. ताटात टाकलेले अन्न पाहून अक्कांचा चेहरा उतरला, मैत्रीणही कानकोंडी झाली. अक्कांशी बोलल्यावर आता एका भाकरीचे ताट कमी पैशात मिळते, पण ते पाटीवर लिहिलेले नाही.

दुसरी उणीव मोठी आहे. रविवारी येथे जाऊ नये. त्या दिवशी मटणाचे ताट असते, गर्दी दारापर्यंत येते, भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि तीन-तीन एकदम ताटात पडतात. रश्श्यावर काळ्या मसाल्याची बोटभर तर्री असते. रस्सा चवीला उत्तम आहे हे यजमानांच्या साक्षीने सांगते, पण आठवड्यातील इतर दिवशी ही खानावळ ज्या कारणासाठी चांगली आहे ते कारणच रविवारी उरत नाही. पित्ताशयात खडे असलेल्यांनी तर त्या तर्रीपासून दूर राहावे. आठवड्याच्या दिवशीही वाढणारा मुलगा भाताचे भांडे घेऊन जरा लवकर येतो, त्याला थांब म्हणावे लागते. चटणीत मीठ किंचित जास्त आहे. रक्तदाब असलेल्यांनी बेताने घ्यावी. कडक भाकरी हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते. ती पातळ, पापडासारखी मोडणारी, चावून चावून खावी लागणारी आहे आणि हळू जेवण्याचा तिच्याइतका चांगला धडा दुसरा नाही.

येथे दुपारी साडेतीन ते संध्याकाळी साडेसात काहीही मिळत नाही, चहासुद्धा नाही. त्यावर तक्रार करणारे मी ऐकले आहेत. मला ही बंद वेळ पटते. पोट रिकामे असताना साधारण दर दीड ते दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलेसुरले अन्नकण व जिवाणू पुढे झाडून नेते. तिची सुरुवात मोटिलिन हे संप्रेरक करते आणि पोटातला गुडगुड आवाज बहुधा तिचाच असतो. काही खाल्ले की ही झाडलोट थांबते. दर तासाला फरसाणाची मूठ तोंडात टाकणाऱ्याच्या आतड्याला ती पुरी करायला वेळच मिळत नाही.

त्या बुधवारी एक वाजून सहा मिनिटांनी अक्कांनी गोळा हातात घेऊन विचारले, “बाई, अजून एक टाकू, का बास?” मी लगेच उत्तर दिले नाही, ताटातली शेवटची मेथीची काडी चटणीला लावून खाल्ली आणि मग म्हटले, “बास, अक्का.” त्यांनी काही आग्रह केला नाही. गोळा परत परातीत ठेवला, त्यावर ओले फडके टाकले आणि शेजारच्या टेबलावर पाहून सुनेला कन्नडमध्ये काही सांगितले. तो गोळा तिकडे गेला.

ताट १४० रुपयांना आहे, ताक त्यातच येते. सोमवारी बंद असते. एका भाकरीचे ताट हवे असल्यास ते आत शिरतानाच सांगावे, कारण पीठ बसलेली माणसे मोजूनच मळले जाते.